वाटीला दोनशे

काकूंच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना काही कळत नाही ती, आणि आपल्याला काही कळत नाही हेही ज्यांना कळत नाही ती. पहिल्या प्रकारच्या माणसांना त्यांनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, टीप वाकडी गेली की भर वर्गात उसवायला लावली, आणि निवृत्त झाल्या. दुसऱ्या प्रकारच्या माणसाशी त्यांचं लग्न झालं होतं.

हा माणूस, म्हणजे काका, पाणीपुरवठा खात्यात होते. कुठल्या टाकीत किती पाणी आलं, किती गेलं आणि किती गळलं हे मोजण्यात त्यांची हयात गेली, आणि पंपांच्या घरघरीत उजवा कान गेला. खात्याने निरोप देताना त्यांना काचेचं उंच मोजपात्र भेट दिलं, अंगावर बारीक रेघा ओढलेलं. इतर माणसं अशा वेळी घड्याळ घेऊन घरी येतात. काकांनी ते मोजपात्र टीव्हीच्या शेजारी ठेवलं आणि रोज फडक्याने पुसायला लागले. टीव्ही कोण पुसत होतं, हे विचारू नका. इमारतीतली माणसं त्यांना लिटरकाका म्हणायची. तोंडावर नाही म्हणायची. पण उजव्या बाजूला उभं राहून म्हटलं तर तोंडावरसुद्धा चालायचं.

काकांकडे अख्ख्या जगासाठी एकच नियम होता. एक लिटर म्हणजे एक किलो. पाण्याच्या बाबतीत तो खरा आहे, त्याबद्दल काकूंचंही काही म्हणणं नव्हतं. पण काका तोच नियम तेलाला लावत, मिठाला लावत, आणि एकदा भाची बाळाला घेऊन आली तेव्हा त्यांनी ते बाळ हातात तोलून "निम्मी बादली भरेल" असं जाहीर केलं होतं. भाची हसली. काकू हसल्या नाहीत. असल्या माणसाबरोबर आपण इतकी वर्षं काढली याबद्दल कुणीतरी आपल्यालाही एखादं मोजपात्र द्यायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावात राहायची. बरी चाललेली नोकरी सोडून तिने डबे करून पोचवायचा धंदा धरला होता. काकूंनी तेव्हा नाक मुरडलं, पण गड्यासारखी राबते पोरगी, हे त्यांना दिसत होतं. घरातल्या दोन शेगड्यांवर तीसचाळीस डबे करून तिची कंबर मोडायला आली होती. आणि आता तिच्यापुढे मोठं दार किलकिलं झालं होतं. तिच्या गावातल्या बटणांच्या कारखान्याला कँटीन चालवायला कुणीतरी हवं होतं. तिथल्या मॅनेजरबाईंनी कुणाच्या तरी डब्यातला तिचा राजमा चाखला, आणि तिला बोलावून म्हणाल्या, "एक दिवस शंभर माणसांचं जेवण करून दाखवा. हाच राजमा आणि भात. जमलं तर कँटीन तुमचं."

राजमा काकूंचा होता. म्हणजे कृती त्यांची. त्यामुळे लेकीचा फोन त्यांनाच आला.

"आई, शंभर माणसांना राजमा किती लागेल? किलोत सांग."

"किलोत कशाला? राजमा वाटीने घेतात. आपल्या त्या काठ वळलेल्या वाटीने. दोन वाट्यांत पाच पानं होतात. म्हणजे शंभर माणसांना चाळीस वाट्या."

"अगं, ती वाटी तुझ्याकडे आहे. मी घरी पातेलं बघून अंदाजाने घेते, शंभर माणसांचा अंदाज कुठून आणू? आणि इथे सामान कारखान्याच्या भांडारातून मिळतं. स्टोअरकीपर दोन दिवस आधी किलो विचारतो, तेवढेच तोलून देतो आणि कुलूप लावतो. नंतर मूठभर मागितलं तरी देत नाही. आणि दिलं तरी काय उपयोग? आयत्या वेळी कुठे भिजतोय राजमा?"

"त्या स्टोअरकीपरला एवढं कळत नाही का, की..."

"नाही कळत. आई, प्लीज. बाबांना विचार ना. ते हिशेब करून देतील."

हे काकूंना झोंबलं. राजमा माझा, वाटी माझी, आणि अक्कल बाबांची. पण लेक लहानपणापासून अशीच होती. गणित अडलं की बाबा. शाळेत बाबांची उत्तरं बरोबर यायची, तेव्हापासून बाबांचा आकडा म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. काकांना फोनवर धड ऐकू येत नसे, म्हणून निरोपाची ने-आण काकूंकडे होती.

काका असे खुलले, की जणू खात्याने त्यांना पुन्हा कामावर बोलावलं होतं. त्यांनी टेबल पुसलं. वाटी आतून-बाहेरून पुसली. मोजपात्रात पाणी भरून आणलं आणि गुडघे वाकवून, नजर वाटीच्या काठाला लावून, थेंबाथेंबाने ओतायला लागले. पाणी काठाशी आलं तसा त्यांनी श्वासही रोखून धरला. मग मोजपात्रावरची रेघ वाचली आणि सरळ झाले.

"दोनशे मिली. म्हणजे दोनशे ग्रॅम. वाटीला दोनशे, तर चाळीस वाट्यांना आठ किलो. कळव तिला."

"अहो, हे पाणी झालं. मी राजम्याचं विचारतेय."

"वाटी तीच ना?"

"वाटी तीच."

"मग झालं तर!" काका म्हणाले, आणि वाटीतलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतून, जगाचा एक प्रश्न मिटवल्यासारखे पेपर वाचायला बसले.

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दाण्यादाण्यामध्ये फट असते, फटीत काही नसतं, आणि काही नसण्याला वजन नसतं, एवढी साधी गोष्ट. शेंबड्या पोराला कळेल. पण या माणसाच्या डोक्यात पाणी, टाकीत पाणी, वाटीत पाणी. सांगून टाकावं का? आत्ताच्या आत्ता तोंडावर? छे. इतका सुंदर मूर्खपणा असा स्वयंपाकघरात, कुणी बघायला नसताना, फुकट घालवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फिरायला गेले, तशा काकूंनी फडताळातून वजनकाटा काढला. लेकीनेच कधीतरी भेट दिलेला, डब्यातून बाहेर न आलेला. वाटी राजम्याने भरली. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांना फार हुशारीची वाटली. त्यांनी शिवणाच्या पेटीतली स्टीलची पट्टी घेतली आणि वाटीच्या काठावरून सफाईने फिरवली. काठाच्या वरचा दाणा न दाणा परत डब्यात गेला. काकांनी पाणी काठापर्यंत भरलं होतं ना? मग राजमाही काठापर्यंतच, केसभर जास्त नाही. उद्या हा माणूस म्हणायला नको की तू आपल्या बाजूने माप मारलंस. एकही दाणा आपल्या फायद्याचा नको होता त्यांना. जिंकायचं तर उघड्यावर, निर्विवाद.

वाटीचं वजन वजा जाता काट्याने एकशे साठ दाखवले.

काकूंनी वाटी उचलली, पुन्हा ठेवली. एकशे साठ. चाळीस वाट्यांचे सहा किलो आणि चारशे. त्यांनी मोठ्या मनाने साडेसहा धरले. दीड किलोची चूक! पाणीपुरवठा खातं इतकी वर्षं कसं चाललं असेल, आणि गावाला पाणी मिळत होतं ते कुणाच्या पुण्याईने, हा विचार करत त्यांनी चहा ठेवला. तो चहा त्यांना फार गोड लागला.

बेत असा होता. लेकीला बरोबर आकडा द्यायचा. जेवण झकास होऊ द्यायचं. कँटीन मिळू द्यायचं. मग लेक आणि जावई पेढे घेऊन आले, सगळे टेबलाभोवती बसले, काकांनी छाती फुगवली, की मग हळूच म्हणायचं, "अहो, तुमचा आकडा मी दिलाच नव्हता." त्या वेळी काकांचा चेहरा कसा होईल, याची त्यांनी भांडी घासताना, पडदे शिवताना, पुन्हा पुन्हा उजळणी केली.

फोनवर त्या लेकीला म्हणाल्या, "बाबा म्हणाले, साडेसहा किलो."

"नक्की ना?"

"बाबा म्हणाले," काकूंनी पुन्हा सांगितलं. आपला म्हणून दिला असता तर कारटीने शंभर शंका काढल्या असत्या.

*

जेवणाच्या दिवशी फोन दुपारी आला. काका समोरच बसले होते, डावा कान फोनच्या बाजूला करून. पेढ्यांचा आवाज असा नसतो, हे काकूंना पहिल्या श्वासालाच कळलं.

"कमी पडलं, आई." लेक रडत नव्हती. रडून झालेलं होतं. "ऐंशी माणसं जेवली आणि पातेलं संपलं. वीस माणसं ताटं घेऊन रांगेत उभी. कारखान्यातली माणसं, भुकेली, दुपारची सुट्टी संपत आलेली. मी पातेलं खरवडत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. नुसता भात कुणी घेईना. मॅनेजरबाईंनी स्वतःचं ताट परत ठेवलं."

"अगं बाई! मग?"

"चव आवडली सगळ्यांना. म्हणून एक संधी अजून दिलीय, पुढच्या सोमवारी. पण बाई म्हणाल्या, चव घरात चालते, इथे अंदाज लागतो. पुन्हा कमी पडलं तर विषय संपला." मग आवाज कठीण झाला. "बाबांना सांग, राग नाही मला. पण आता हिशेब करू नका म्हणावं."

काकूंनी फोन ठेवला. काका बघत होते.

"कमी पडलं," काकू म्हणाल्या. "वीस जणांना मिळालं नाही."

काकांनी टेबलावरचा पेपर उगाच सरळ केला. ते आता वाद घालतील, भांडारवाल्याने वजनात मारलं म्हणतील, अशी काकूंना खात्री होती. त्या तयारीतच होत्या. पण काका म्हणाले, "माझंच चुकलं असणार."

बस, एवढंच.

हे शब्द ऐकायला काकूंनी अख्खा संसार घालवला होता. नळ उलटा बसवला तेव्हा ऐकले नाहीत. चुकीच्या गाडीत बसवून भलत्याच गावाला नेलं तेव्हा ऐकले नाहीत. आणि आज ते आले, न मागता, ज्या चुकीसाठी आले ती केलेलीच नसताना. काकू उठून भांडी आवरायला गेल्या.

आता सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे. हे वाचणाऱ्याला कळतं, काकूंनाही कळत होतं. पण काकूंची अडचण वेगळी होती. त्यांना मुळात आपलं चुकलं हेच मान्य नव्हतं. एकशे साठ म्हणजे एकशे साठ! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मग चुकलं कुणाचं? काकूंनी खापर फोडायला डोकी शोधायला सुरुवात केली. डोक्यांना काय तोटा? भांडारवाला चोर असणार. वाढणारी माणसं पळ्याच्या पळ्या ओतत असणार. कारखान्यातली माणसं खादाडच, दिवसभर बटणं पाडून दुसरं काय करणार. आणि लेक, तिनेच राजमा आटवला असणार. मंद आचेवर ठेव म्हणून किती वेळा सांगितलं, पण ऐकेल तर ती बापाची लेक कसली.

काकांनी मोजपात्र टीव्हीशेजारून उचललं, शेवटचं पुसलं आणि कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी खालचे भाडेकरू विचारायला आले, की गच्चीवरची नवी टाकी सगळ्यांना दिवसभर पुरेल का. एरवी काकांनी त्यांना तासभर सोडलं नसतं. माणशी बादल्या मोजल्या असत्या, गळती धरली असती. काका म्हणाले, "मला नक्की नाही सांगता येणार. कुणा जाणकाराला विचारा." भाडेकरू काकूंकडे बघायला लागले, यांना बरं नाही का अशा चेहऱ्याने. काकूंनी त्यांना दाराबाहेर काढलं आणि दार जरा जोरातच लावलं.

इतकी वर्षं या माणसाने गप्प बसावं म्हणून त्या आसुसल्या होत्या. आता तो गप्प बसला, आणि घर खायला उठलं.

रविवारी सकाळी काकूंनी राजमा भिजत घालायला घेतला, दोघांपुरता. दोष चुलीचा की लेकीचा हे त्यांना एकदा करूनच बघायचं होतं. डबा उघडला, वाटी आत बुडवली, वर काढली. दोन दाणे घरंगळले आणि टण्‌टण्‌ करत फरशीवर गेले.

काका दारात उभे होते. ते आत आले, वाकले, ओट्याखालून एक दाणा काढला, दुसरा पाटाच्या पायाजवळून. दोन्ही फुंकून काकूंच्या हातावर ठेवले.

"तुम्हाला कोणी सांगितलं वाकायला? कंबर धरेल."

"सवय झाली," काका म्हणाले. "तू वाटी भरलीस की दोनचार खाली पडतातच. लग्न झाल्यापासून वेचतोय. एवढी शीग कुठे राहते वाटीवर?" आणि ते बाहेर निघून गेले.

काकूंनी हातातल्या वाटीकडे पाहिलं.

काठाच्या वर, बोटभर उंच, राजम्याचा ढीग होता. निमुळता, रेखीव, अगदी टोकाशी एक दाणा तोल सांभाळत बसलेला. तो त्यांनी रचला नव्हता. तो हाताने, मनगटाच्या एका हेलकाव्याने, आपोआप केला होता, जसा रोज करायचा, जसा त्यांच्या आईचा हात करायचा. काकूंची वाटी म्हणजे शिगेची वाटी. सपाट वाटी त्यांनी जन्मात कधी पातेल्यात टाकली नव्हती. दोन वाट्यांत पाच पानं होत होती, ती या शिगेच्या जोरावर. सपाट वाटी त्यांनी आयुष्यात एकदाच भरली, नवऱ्याला खोटं पाडायला.

त्यांनी दार लोटलं, वजनकाटा काढला आणि श्वास रोखून, शिगेला धक्का न लावता, वाटी वर ठेवली. वाटीचं वजन वजा केलं.

दोनशे.

काकू पाटावर बसल्या. दोनशे! पाण्याने भरली तरी दोनशे, आणि शीग लावून राजमा भरला तरी दोनशे. म्हणजे तो मूर्ख माणूस मूर्खासारखा विचार करून बरोबर आकड्यावर पोचला होता, आणि आपण शहाण्यासारखा विचार करून लेकीची वीस माणसं उपाशी उभी केली. चाळीस वाट्या, आठ किलो. काका म्हणाले होते तसेच. शाळेत असली टीप कुणा पोरीने घातली असती तर काकूंनी सगळं कापड उसवायला लावलं असतं.

लाज वाटली. लपवण्यात अर्थ नाही, त्यांना पोटातून, कानाच्या पाळीपर्यंत लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ, काकूच त्या, एक पळवाटही सुचली.

लेक उद्याच्या सोमवारसाठी आकडा विचारायला फोन करणारच होती. या वेळी तिने स्टोअरकीपरला गळ घालून रविवारपर्यंत मुदत मागून घेतली होती. बाबांचा नकोय तिला. आईचा हवाय. मग द्यायचा की आईचा म्हणून. आठ किलो. जेवण पुरेल, कँटीन मिळेल, लेक म्हणेल आईचाच हात बरोबर. काकांनी चूक मान्य केलीच आहे, आता ती उकरायची कशाला? कुणाचं काही वाईट होत नव्हतं. फक्त एक मोजपात्र बॅगांच्या मागे पडून राहणार होतं.

फोन वाजला तेव्हा काका बाहेरच्या खोलीत बसले होते. पेपर समोर, पण पान उलटत नव्हते.

"आई, सांग. आणि बाबांना विचारू नकोस हं. तुझ्या मनाने सांग."

"आठ किलो," काकू म्हणाल्या.

"आठ? बाबांनी तर साडेसहा सांगितले होते. म्हणजे दीड किलो कमी! आई, गणितात इतकी चूक बाबांची कशी झाली गं? वय झालं का त्यांचं? डॉक्टरला दाखवायचं का?"

काकूंनी बाहेर पाहिलं. काकांचा डावा कान इकडेच होता. त्यांनी ऐकलं होतं की नाही, कळत नव्हतं. फक्त पेपरची कड हलली.

डॉक्टर! म्हणजे हे एवढ्यावर थांबणार नव्हतं तर. उद्या लेक हळू बोलायला लागेल बापाशी, परवा जावई किल्ल्या काढून घेईल. काकूंना राग आला. लेकीचा आला, जावयाने अजून काही केलं नव्हतं तरी त्याचा आला, आणि या माणसाला मूर्ख म्हणायचा हक्क फक्त आपला आहे, तो आपण असा वाटत सुटलो, याचा सगळ्यात जास्त आला.

"वय नाही झालं," त्या मोठ्याने म्हणाल्या, डाव्या कानाला आणि उजव्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तुझे बाबा पहिल्या दिवसापासून आठच म्हणत होते. साडेसहा मी सांगितले. त्यांचं नाव लावून मी सांगितले. मला वाटलं, मला जास्त कळतं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वीस माणसं उभी होती, आई," लेक म्हणाली. "आणि तू बाबांना आठवडाभर तसंच बसू दिलंस?"

लेकीने "आठ," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग कपाटावरच्या बॅगा सरकवल्याचा. स्टूल डगमगत होतं म्हणून काकूंनी जाऊन धरलं. वरून काकांनी मोजपात्र त्यांच्या हातात दिलं, आणि काकूंनी ते पदराने पुसून टीव्हीशेजारी ठेवलं.

*

सोमवारी दुपारी फोन आला तो काकूंनीच उचलला.

"पुरलं. शंभर जेवले. एक वाडगा उरला, तो मॅनेजरबाईंनी घरी नेला. कँटीन मिळालं." लेकीचा श्वास लागला होता, मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बोलायला लागल्या, राजमा कसा झाला, आच मंद ठेवली होती ना, कांदा नीट...

"आई, फोन बाबांना दे."

"अगं, त्यांना नीट ऐकू..."

"मी मोठ्याने बोलेन. उद्याचा मसूर किती ते विचारायचंय. बाबांना दे."

जन्मात कधी या लेकीने स्वयंपाकातलं काही थेट बापाला विचारलं नव्हतं. काकूंनी फोन दिला. काकांनी तो डाव्या कानाला लावला, पाठ ताठ केली आणि खात्यातल्या आवाजात म्हणाले, "वाट्या किती? तुझी आई सांगते तेवढ्या? मग सोपं आहे. वाटीला दोनशे. अगं, राजमा असो, मसूर असो, एकच. पाण्यावरून धरायचं. पाणी कधी खोटं बोलत नाही."

काकूंच्या हातात मसुराची वाटी होती, नुकतीच भरलेली. पट्टी ओट्यावरच पडली होती. एकदा फिरवली असती, तर काकांच्या त्या पाण्याचं पितळ उघडं पडलं असतं. त्यांच्या जिभेवर सगळं तयार होतं, फटी, हवा, एकशे साठ, शेंबडं पोर, सगळं.

वाटीवरून थोडे दाणे घरंगळले आणि फरशीवर पसरले. काकांनी फोन कानाला धरूनच खाली पाहिलं आणि सवयीने वाकायला गेले. काकूंनी त्यांना हाताने थांबवलं.

"बोला तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर बसून मसूर वेचायला लागल्या.